पाचच किलोमीटर धावायचं, मग एवढा ताप का?

15 ऑगस्ट 2019. टोकियोच्या ओदायबा भागात पुढच्या वर्षीच्या ऑलिम्पिकची रंगीत तालीम चालली होती. महिलांची ट्रायथलॉन होती. दीड किलोमीटर पोहायचं, 40 किलोमीटर सायकल चालवायची आणि सायकलवरून उतरल्या उतरल्या 10 किलोमीटर धावायचं. उष्म्याची पातळी धोक्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर जाणार असं दिसल्यावर आयोजकांनी धावण्याचं अंतर निम्मं केलं. 10चे 5 किलोमीटर झाले. तरीही शर्यतीनंतर फ्रान्सच्या कासांद्र बोग्राँ हिला उष्माघाताच्या शंकेने रुग्णालयात न्यावं लागलं. जगातल्या अव्वल खेळाडूंत गणली जाणारी, वर्षभर याच कामात असलेली ही मुलगी.

ती बातमी मी घरी वाचून दाखवली, तेव्हा पहिला प्रश्न आला, "पाचच किलोमीटर धावायचं होतं ना? त्यात काय एवढं?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पुणे, नाशिक, कोल्हापूर इथे ट्रायथलॉन करणारे आता सहज भेटतात. ऑफिसातलं कोणीतरी असतं, सोसायटीतल्या कोणाची तरी सून असते. पहिल्यांदा उतरणारे बहुतेक जण सगळ्यात छोटं अंतर निवडतात, आणि मनात हिशेब असतो की छोटंच तर आहे, निभावून नेऊ. उन्हाच्या दिवशी हा हिशेब उलटा पडतो. उष्म्याचा त्रास किती होणार हे मुख्यतः वेगावर ठरतं, आणि छोट्या शर्यतीत माणूस जीव तोडून वेगात असतो. हे कसं, ते मुळापासून बघू.

## छोटी म्हणजे किती छोटी?

ट्रायथलॉनच्या छोट्या प्रकाराला स्प्रिंट म्हणतात. 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. ऑलिम्पिकमध्ये याच्या बरोबर दुप्पट अंतर असतं. अव्वल पुरुष खेळाडू स्प्रिंट तासाभराच्या आत संपवतात, आपल्यासारख्या हौशी माणसाला सव्वा ते पावणेदोन तास लागतात. एका खेळातून दुसऱ्यात जाताना कपडे-बूट बदलायची जी जागा असते, तिला ट्रान्झिशन म्हणतात. घड्याळ तिथेही चालूच असतं, त्यामुळे तिथेही कोणी दम खात नाही.

म्हणजे तास-दीड तास न थांबता, धाप लागेल अशा जोरात काम. मॅरेथॉन धावणारा चार तास धावतो पण जपून धावतो, कारण पुढे अजून 30 किलोमीटर आहेत हे त्याला माहीत असतं. स्प्रिंटवाला पहिल्या मिनिटापासून ताणलेला असतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

## शरीरातली शेगडी

आपण स्नायूंनी काम करतो तेव्हा खाल्लेल्या अन्नातली फार तर चौथाई ऊर्जा प्रत्यक्ष हालचालीत जाते. उरलेल्या तीन भागांची उष्णता होते. हिवाळ्यात पहाटे धावायला निघालेला माणूस दहा मिनिटांत जर्किन काढून कमरेला बांधतो, ते याचमुळे.

आता थोडा हिशेब करू. धावताना माणूस वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च करतो. 70 किलोच्या माणसाने 5 किलोमीटर अंतर कापलं की झाल्या 350. त्यातल्या 260 ते 270 किलोकॅलरी निव्वळ उष्णता. आणि 70 किलोचं शरीर एक अंशाने तापवायला लागतात जेमतेम 58 किलोकॅलरी. म्हणजे ही उष्णता शरीरातून बाहेर पडलीच नाही असं धरलं, तर पाच किलोमीटरच्या शेवटी शरीराचं तापमान साडेचार अंशांनी वाढेल. 37 वरून निघालेला माणूस साडेएकेचाळीसच्या पुढे जाईल. एवढ्या तापात मेंदूचं काम बिघडतं.

प्रत्यक्षात असं होत नाही, कारण शरीर उष्णता सतत बाहेर टाकत असतं. इथे मोरीची कल्पना करा. वरून नळ सोडला आहे, खाली पाणी जायचं भोक आहे. नळ म्हणजे स्नायूंत तयार होणारी उष्णता, भोक म्हणजे ती बाहेर पडण्याची वाट. पाच किलोमीटर 40 मिनिटांत कापले काय नि 25 मिनिटांत कापले काय, एकूण पाणी जवळजवळ तेवढंच. पण 40 मिनिटांत ते मिनिटाला सुमारे पावणेसात किलोकॅलरी या धारेने येतं, 25 मिनिटांत पावणेअकरा या धारेने. भोक तर तेवढंच आहे. हळू धार असेल तर मोरी कोरडी राहते, मोठी धार असेल तर तुंबते. अंतर तेच, माणूस तोच, दिवस तोच, फक्त वेग वेगळा.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये दर ऑगस्टला फॅल्मथ इथे रस्त्यावरची एक प्रसिद्ध शर्यत होते. अंतर फक्त सात मैल, म्हणजे सुमारे 11 किलोमीटर. तिथल्या वैद्यकीय तंबूने 18 वर्षांची नोंद प्रसिद्ध केली तेव्हा त्यात उष्माघाताच्या 274 घटना होत्या. मॅरेथॉनच्या पावपट अंतराला एवढे. त्या 274 जणांचं पुढे काय झालं, ते नंतर सांगते. ती या लेखातली सगळ्यात चांगली बातमी आहे.

## घाम आणि माठ

मोरीचं भोक म्हणजे मुख्यतः घाम. आणि घाम समजून घ्यायला आपल्याकडे माठासारखं दुसरं उदाहरण नाही.

माठातलं पाणी थंड होतं ते माठ ओला असतो म्हणून नव्हे, तर त्याच्या अंगावर पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडून जातं म्हणून. उडताना ते आतली उष्णता घेऊन जातं. घामाचंही तसंच. एक लिटर घाम पूर्ण उडून गेला, तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतो. पाच किलोमीटर धावण्याची सगळी उष्णता काढायला अर्धा लिटर घाम पुरेल, इतकी ही सोय जबरदस्त आहे. मात्र तो उडाला पाहिजे. हनुवटीवरून रस्त्यावर टपटपणारा घाम काहीही नेत नाही. शरीराचं पाणी तेवढं जातं.

विदर्भात मे महिन्यात माठातलं पाणी गारेगार होतं, खिडकीला वाळ्याचा कूलर लावला की खोली थंड होते. तोच कूलर मुंबईत लावून बघा, खोली फक्त दमट होते. मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी वाफेला जागा नाही. भर पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, अगदी तसा त्वचेवरचा घाम वाळत नाही.

कोरड्या हवेत घाम काय करू शकतो याचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. 1774-75च्या सुमारास लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन हा डॉक्टर आणि त्याचे मित्र 120 अंश सेल्सिअसच्याही वर तापवलेल्या खोलीत जाऊन थोडा वेळ थांबले होते. सोबत नेलेला मांसाचा तुकडा त्या हवेत शिजला. माणसं धडधाकट बाहेर आली. मेलेल्या मांसाला घाम येत नाही, जिवंत माणसाला येतो, आणि ती हवा कोरडी होती.

## ऊन नसेल तर सुटका?

'संध्याकाळी घ्या ना शर्यत' असं लोक सुचवतात. 2019च्या सप्टेंबरमध्ये दोहाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन चक्क मध्यरात्री सुरू केली होती. सूर्याचा पत्ताच नव्हता. सुरुवात करणाऱ्या 68 जणींपैकी 28 जणी शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. समुद्राकाठची रात्रीची हवा 30 अंशांच्या वर होती आणि दमट होती. ऊन गेलं म्हणजे उष्मा गेला असं होत नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन टोकियोतून हलवून उत्तरेला, तुलनेने थंड साप्पोरोला न्यायचं ठरलं.

म्हणूनच मोबाइलवर दिसणारं साधं तापमान शर्यतीसाठी कामाचं नाही. त्यासाठी एक वेगळा आकडा वापरतात, त्याला डब्ल्यूबीजीटी म्हणतात. 1950च्या दशकात अमेरिकी सैन्यात प्रशिक्षण घेणारी मुलं उन्हात कोसळू लागली, तेव्हा तो शोधला गेला. त्यात तीन मापं एकत्र येतात. पहिलं, ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक काय दाखवतो. हा थेट माठाचा प्रश्न आहे, इथे पाणी किती उडतं? त्याला 70 टक्के वजन. दुसरं, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या आत किती तापतं, त्याला 20 टक्के. आणि आपण रोज बोलतो त्या हवेच्या तापमानाला उरलेले फक्त 10 टक्के.

एक ढोबळ उदाहरण करून बघते. नागपूरची दुपार, हवा 44 अंश, अगदी कोरडी. ओला तापमापक 23 दाखवेल, काळा गोळा समजा 57. हिशेब येतो सुमारे 32. आता मुंबईची दुपार, हवा फक्त 34 अंश, पण दमट. ओला तापमापक 28, गोळा समजा 46. हिशेब पुन्हा सुमारे 32. नागपूरकर आणि मुंबईकर यांच्यातला 'तुमचा उन्हाळा खरा की आमचा' हा वाद धावणाऱ्याच्या बाबतीत बरोबरीत सुटतो. आणि हा 32 काही साधा आकडा नाही. ट्रायथलॉनच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत 32.2च्या वर धोक्याची शेवटची पायरी सुरू होते.

## तीन खेळ, तीन चकवे

ट्रायथलॉनची गंमत अशी, की प्रत्येक टप्पा उष्म्याबद्दल वेगळीच थाप मारतो.

पाण्यात उतरलं की वाटतं, चला, इथे तरी थंड. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता ओढून घेतं हे खरं. पण ते कातडीपेक्षा बरंच थंड असेल तरच. आपल्या किनाऱ्यावर ऑक्टोबरमध्ये समुद्र 28-29 अंशांच्या आसपास असतो. त्यात निवांत डुंबलं तर छान वाटतं, जोरात हात मारत 750 मीटर कापले तर अंग चांगलंच तापतं, आणि घाम येतो तो पाण्यात येतो, म्हणजे त्याचा काही उपयोग नाही. वेटसूट म्हणजे थंड पाण्यासाठीचा रबरी पोशाख, तो अशा पाण्यात घालायची परवानगीच नसते. आंतरराष्ट्रीय नियमांत छोट्या अंतराला हौशी स्पर्धकांसाठी ती मर्यादा 22 अंशांची आहे, अव्वल खेळाडूंसाठी 20ची. कोणी सरावात हौसेने घालत असेल तर त्याने ती हौस गोव्याच्या समुद्रात करू नये.

सायकलवर सगळ्यात मोठा चकवा. ताशी 30 किलोमीटरने जाताना समोरून तेवढाच वारा मिळतो. घाम दिसायच्या आधीच उडतो, अंग कोरडं राहतं, आपण मजेत आहोत असं वाटतं. याच टप्प्यात शरीरातून सगळ्यात जास्त पाणी न कळत जातं, आणि पाणी पिण्याची सगळ्यात चांगली संधीही हीच असते. नवखे इथे बाटलीला हात लावत नाहीत, कारण तहान नसते आणि एक हात सोडायची भीती वाटते.

मग उतरून धावायला लागायचं. वारा एकदम बंद. ताशी 10-12 किलोमीटरने धावणाऱ्याला वाऱ्याची झुळूक लागते तेवढीच, आणि पाठीमागून तितकाच वारा असेल तर भोवतीची हवा चक्क थांबलेली असते. इकडे डांबर तापलेलं, सूर्य वर आलेला, पोटात सायकलवर घाईने प्यायलेलं पाणी डुचमळतंय, आणि मांड्या सायकलीने भरून आलेल्या. आधीच्या दोन टप्प्यांची थकबाकी इथे एकदम भरावी लागते. ट्रायथलॉनमध्ये उष्म्याने माणसं आडवी होतात ती बहुतेक धावताना, आणि त्यातही शेवटच्या किलोमीटरला.

## टाकी एक, नळ दोन

या शेवटच्या टप्प्यात आत काय चाललेलं असतं? उष्णता स्नायूंतून कातडीपर्यंत वाहून आणायचं काम रक्ताचं. पण त्याच रक्ताला स्नायूंना प्राणवायूही पोचवायचा आहे. गच्चीवर टाकी एकच, आणि सकाळी सात वाजता खालच्या मजल्यावर आणि वरच्या मजल्यावर एकदम नळ सुटले, की दोघांनाही धार बारीक येते. त्यात घामाने टाकीतलंच पाणी कमी होत चाललेलं. मग पंपाला, म्हणजे हृदयाला, जास्त जोरात चालावं लागतं. वेग तोच ठेवला तरी नाडीचे ठोके वाढत जातात. मनगटावरच्या घड्याळात हे सरळ दिसतं.

पोटाकडचं रक्तही या ओढाताणीत कमी होतं, म्हणून मळमळतं, प्यायलेलं वर येतं. 26 जुलै 2021ला टोकियोत सुवर्ण जिंकणारा नॉर्वेचा क्रिस्टियन ब्लुमेनफेल्ट अंतिम रेषेपलीकडे कोसळला, त्याला उलटी झाली आणि चाकाच्या खुर्चीवरून न्यावं लागलं. शर्यत सकाळी साडेसहाला सुरू केली होती, तरीही.

## "भरपूर पाणी प्यायलं की झालं, नाही का?"

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकते. पाणी लागतंच. टाकी रिकामी असेल तर दोन्ही नळ कोरडे. पण पाण्याने मोरीचं भोक मोठं होत नाही. दमट हवेत प्यायलेलं पाणी घाम बनून टपटपून जाईल, उष्णता आतच राहील. उष्माघात झालेल्यांत चांगलं पाणी प्यायलेले लोकही असतात.

अती पाणी पिण्यात वेगळा धोका आहे. रक्तातलं सोडियम पातळ होतं. 2002च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ज्यांचं रक्त तपासलं त्यांपैकी 13 टक्के धावपटूंचं सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांत, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायलेल्यांत, हे जास्त दिसलं. दीड तासाच्या शर्यतीत ती पाळी सहसा येत नाही, पण आदल्या रात्रीपासून धास्तीने बाटल्यांवर बाटल्या रिचवणारे मी पाहिले आहेत. त्यांना कोणीतरी थांबवायला हवं.

किती प्यायचं हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. एक तास सरावाला जाण्याआधी वजन करा, आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. समजा 62 किलोचे 61.2 झाले आणि मधे 400 मिलीलिटर पाणी प्यायलात, तर तुमचा घाम तासाला 1.2 लिटर. सगळा भरून काढायची गरज नाही. सायकलवर अर्धा ते पाऊण लिटर, थोडं थोडं, मीठ-साखर असलेलं. लिंबू सरबत चालतं, औषधाच्या दुकानातलं ओआरएस चालतं. नवीन काहीही शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा पिऊ नका.

## "आपण उन्हातच वाढलो, आपल्याला काय होतंय?"

यात अर्धं सत्य आहे. उन्हाची सवय ही खरी, मोजता येणारी गोष्ट आहे. रोज तास-दीड तास उष्म्यात व्यायाम केला तर दहा ते चौदा दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर आणि जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, त्याच कामाला नाडी कमी पडते. पण ही सवय जन्माने मिळत नाही आणि टिकतही नाही. दोन-तीन आठवडे एसीत बसलं की ती बरीचशी ओसरते. पहाटे साडेपाचच्या गारव्यात सराव करणारा, दिवसभर एसी ऑफिसात आणि एसी गाडीत असणारा पुणेकर, गावाकडच्या उन्हात वाढला असला तरी, सवयीच्या हिशेबात युरोपातून आलेल्या पाहुण्याच्या फार पुढे नसतो. शेतात राबणाऱ्या माणसाला ती सवय असते, कारण तो रोज तिची किंमत मोजतो.

म्हणून शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे थोडा सराव नऊच्या उन्हात करा. पहिले तीन-चार दिवस मुद्दाम हळू, सोबत कोणीतरी असू द्या. ताप, जुलाब किंवा रात्रीचं जागरण झालं असेल त्या दिवशी नाही, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी तसं झालं असेल तर शर्यतही नाही. अशा दिवशी शरीर उष्णता सांभाळायच्या कामात आधीच मागे पडलेलं असतं.

## डोक्यावर पाणी आणि पोटात बर्फ

पाण्याच्या टेबलावर ग्लास डोक्यावर रिकामा करण्याने बरं वाटतं, आणि बरं वाटण्यालाही किंमत आहे. मात्र आतलं तापमान त्याने फारसं उतरत नाही. बरं वाटलं म्हणून वेग वाढवला तर उलट नुकसान. बर्फाची गोष्ट वेगळी. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी शोषतो, आणि ते पाणी शून्यापासून शरीराच्या तापमानाला यायला आणखी 37. अर्ध्या किलोचे होतात सुमारे 58. वरचा आकडा आठवतो? 70 किलोचं शरीर एक अंशाने तापायला लागतात तेवढेच. बर्फाचा अर्धा किलो चुरा कोणी पूर्ण खात नाही, पण शर्यतीआधी अर्ध्या तासात चुरा-सरबताचा एक ग्लास सावकाश घेतला तर अर्ध्या अंशाच्या आसपास उधारी मिळते. खेळाडू हे खरोखर करतात. गोळ्याच्या गाडीवर उन्हाळ्यात गर्दी होते ती उगीच नाही.

पण या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय एकच, नळाची धार कमी करणं. सायकलचा शेवटचा टप्पा आणि धावण्याचा पहिला किलोमीटर जाणूनबुजून सावकाश.

## "जास्त झालं तर शरीरच थांबवेल ना?"

नेहमी थांबवत नाही. सप्टेंबर 2016मध्ये मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर जागतिक मालिकेची शेवटची शर्यत होती. ब्रिटनचा जॉनी ब्राउनली पुढे होता. अंतिम रेषा काहीशे मीटरवर आली आणि त्याचे पाय रस्त्यावर वाकडेतिकडे पडू लागले. मागून आलेल्या भावाने, ॲलिस्टरने, त्याला खांद्याखाली धरून शेवटपर्यंत नेलं आणि रेषेपलीकडे ढकललं. जॉनीला रुग्णालयात न्यावं लागलं. दोन्ही भाऊ ऑलिम्पिक पदकविजेते. शरीराची भाषा त्यांच्याइतकी कोणाला कळणार? पण तापलेला मेंदू हाच निर्णय घेणारा मेंदू असतो. थांबायचा इशारा ज्याने द्यायचा तोच आधी बिघडतो, आणि रेषा दिसत असेल तर तो इशारा ऐकायची कोणाची तयारीही नसते.

एकदा कोकण किनाऱ्यावरच्या एका छोट्या शर्यतीत मी पाणी वाटायला उभी होते. एक तिशीतला मुलगा आला, पाण्याचा ग्लास घेतला आणि उलट्या दिशेला, ज्या बाजूने आला त्याच बाजूला, धावायला लागला. मी हाक मारली, "अरे दादा, इकडे!" तो रागावला. इतक्या साध्या गोष्टीवर कोणी रागावणार नाही इतका रागावला. अंग घामाने निथळत होतं. आम्ही दोघांनी त्याला धरून सावलीत बसवलं, नाव विचारलं तर नाव सांगितलं, पण आज वार कोणता, ते सांगता येईना.

त्या दिवशी जे मला माहीत नव्हतं ते असं. व्यायामातून होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने भिजलेला असू शकतो. 'घाम थांबला, कातडी कोरडी पडली' ही उन्हात बसून राहिलेल्या वृद्धांमध्ये दिसणारी खूण आहे. धावणाऱ्यात बघायची खूण म्हणजे वागणं: असंबद्ध बोलणं, चिडणं, झोकांड्या, दिशा चुकणं. असं वागणं आणि आतलं तापमान 40च्या वर, हे दोन्ही असेल तर तो उष्माघात. दमणूक आणि चक्कर आली पण बोलणं ठीक आहे, सावलीत पाय वर करून झोपवल्यावर बरं वाटतंय, तर ते सौम्य प्रकरण.

## टब

आता त्या 274 जणांबद्दल. फॅल्मथच्या तंबूत उष्माघात ओळखला की माणसाला तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवतात. 274 पैकी 274 वाचले.

बर्फाच्या पाण्यात शरीर मिनिटाला साधारण 0.2 अंशाने थंड होतं. 42 वर गेलेला माणूस पंधरा मिनिटांत 39 वर येतो. रुग्णवाहिका यायला, ट्रॅफिकमधून जायला, कागद भरायला यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि अवयवांचं नुकसान किती होणार हे 40च्या वर किती वेळ गेला यावर ठरतं. अर्ध्या तासाच्या आत तापमान उतरवायचं, हे सूत्र. म्हणून क्रम असा: रुग्णवाहिकेला फोन लगेच करायचा, पण गाडी येईपर्यंत आणि डॉक्टर सांगेपर्यंत थंड करणं थांबवायचं नाही. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल सगळ्या अंगावर, दर दोन-तीन मिनिटांनी बदलत, नळीने पाणी, जोराचा वारा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा जंतूंचा ताप नव्हे. तापमान काखेत किंवा कपाळावर मोजलं तर फसवतं, शर्यतीच्या तंबूत ते गुदद्वारातूनच मोजावं लागतं. आपल्याला हे अवघड वाटतं, डॉक्टरांनाही सांगायला संकोच होतो, पण त्या संकोचापायी 41चा माणूस 38चा वाटून घरी पाठवला जाऊ शकतो.

आमच्याकडे त्या दिवशी टब नव्हता. शहाळेवाल्याकडे थर्माकोलच्या खोक्यात बर्फ होता, तो आम्ही सगळा मागून घेतला, आणि जवळच्या घरातून चादरी आणल्या. मुलगा सुधारला. त्याच्या आईचा दोन दिवसांनी फोन आला होता.

## मग शर्यती बंदच कराव्यात का?

मला तसं वाटत नाही. बोग्राँने खेळ सोडला नाही. 31 जुलै 2024ला पॅरिसमध्ये तिनेच ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. उष्म्यातली शर्यत ही शिकता येणारी, आखता येणारी गोष्ट आहे. पण आखणी दोन्ही बाजूंनी हवी. अंतर कमी करणं हा आयोजकांचा आवडता उपाय, कारण तो दिसतो. वरचा मोरीचा हिशेब पाहिलात तर कळेल की अंतर कमी झालं की लोक आणखी जोरात धावतात. सुरुवात तासभर अलीकडे आणणं, धावण्याचा रस्ता झाडांखालून नेणं, दर किलोमीटरला पाणी आणि बर्फ ठेवणं, वेळेची मर्यादा सैल करणं, हे सगळं त्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

आणि नाव नोंदवताना स्पर्धकाने विचारायला हवं. आपण टी-शर्ट कोणता, पदक केवढं, नाश्त्याला काय, हे विचारतो. आयोजकांना फोन करून एवढं विचारा: सकाळी डब्ल्यूबीजीटी कोण मोजणार, किती आकड्याला शर्यत थांबवणार, आणि अंतिम रेषेपाशी बर्फाचा टब कुठे ठेवला आहे. मी आता जिथे जिथे पाणी वाटायला जाते, तिथे पोचल्यावर आधी टब शोधते. नसेल तर गावातल्या हलवायाकडे किंवा मंडपवाल्याकडे मोठं घंगाळ मिळतं, आणि मासळीबाजाराजवळ बर्फ पहाटे चारपासून मिळतो.